बन्सी आचाऱ्याची भूक

शेवगावकडच्या आमच्या भागात लग्नात वरमाई रुसली, तर लोक महिनाभर बोलतात आणि विसरून जातात. पण पंगत बसलेली असताना आमटी संपली, तर ती गोष्ट नातवंडांच्या सोयरिकीपर्यंत पोचते. पलीकडच्या वाडीत एका बाप्याला अजून 'आटलेला' म्हणतात. त्याच्या आजोबांच्या तेराव्याला आमटी आटली होती. तो बिचारा त्या दिवशी जन्मलासुद्धा नव्हता.

म्हणून आमच्याकडं आचारी ठरवताना त्याच्या हाताला चव आहे का, हे मागून विचारतात. आधी विचारतात, "ह्याचं कधी कमी पडलंय का?" आणि बन्सी ढवळ्याचं कधी कमी पडलं नव्हतं. फार उरायचंही नाही. शेवटच्या पंगतीत शेवटची बादली फिरली की कढईच्या तळाशी दोन पळ्या आमटी राहायची. ती बन्सी भाकरी कुस्करून कुत्र्याला घालायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, "झालं. गाव जेवलं."

बन्सी काही पिढीजात आचारी नव्हे. थोडीशी जिराईत, दोन म्हशी, तूर-बाजरी, चारचौघांसारखाच कुणबी. एका वर्षी हरिनाम सप्त्याच्या काल्याला ठरवलेला आचारी आलाच नाही. चर खणलेला, लाकडं रचलेली, घरोघरच्या भाकऱ्या पाट्यांतून यायला लागलेल्या आणि आमटीचा पत्ता नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बन्सीला उभा करा. गावात सगळ्यात जास्त खातो, त्याला करायलाबी येत असंल." हा काय न्याय झाला? पण आमच्या गावात सरपंचसुद्धा याच न्यायानं निवडतात. बन्सी उभा राहिला, आणि त्या दिवशीपासून पळी त्याच्या हातातून सुटली नाही.

आता त्याचं माप सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. बाकीचे आचारी माणसं मोजतात. बन्सी भूक मोजायचा, आणि तीही स्वतःची. कुणी सुपारी घेऊन आलं की तो म्हणायचा, "सामानाचं मागून सांगतो. आधी मला एकदा जेवायला घाला." मग त्या घरी बेत व्हायचा, तोच जो पंगतीला करायचा. काळी आमटी, तिच्यात येसूर, म्हणजे धान्यं नि मसाले भाजून दळलेलं, आमटी दाट करणारं पीठ, बरोबर बाजरीची भाकरी. बन्सी मांडी घालून बसायचा, भाकरी चुरायचा, वर आमटी ओतून घ्यायचा आणि पोट भरेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. घरची माणसं भिंतीला टेकून बघत उभी. हात धुतला की क्षणभर डोळे मिटायचा आणि डाळ किती, तेल किती, येसूर किती, मिरची किती, सगळं तोंडानं सांगून मोकळा व्हायचा. ह्याला आम्ही मापाचं जेवण म्हणायचो. काही रिकामटेकडे म्हणायचे की ही फुकट खायची युक्ती आहे. म्हणू द्या. आमटी पुरत होती ना?

थंडीत त्याची भूक वाढायची तशी गावाचीही वाढायची. उन्हाळ्यात दोघांची उतरायची. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर ऊसतोडीवरून परतलेल्या माणसांचं जेवण होतं. बन्सी सकाळीच तिथं गेला आणि मापाला बसायच्या आधी ऊन डोक्यावर येईस्तोवर लाकडं फोडत राहिला. मी विचारलं, "काय रे, मजुरीला लागला का काय?" तर म्हणतो, "नाना, त्यांच्या पोटात शिरायचंय. सावलीला बसून कसं शिरता येईल?"

अशा माणसाला साखर झाली, यात नवल ते काय. झाली, आणि बरीच वर्षं त्यानं तिला जुमानलंही नाही. गोळ्या घ्यायचा. पण मापाचं जेवण आलं की त्या दिवशी एक गोळी आपल्या मनानं वाढवायचा, जणू काही ती सोड्याची पुडी आहे. पोट असं सुटलं होतं की कढईजवळ उभा राहिला तर आधी पोट शेकायचं, मग बन्सी. मग एकदा अंगठ्याला ठेच लागली. जखम भरेना. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अंगठा ओलाच. तेव्हा मात्र बन्सीच्या डोळ्यांत मी भीती बघितली. त्याच्या बापाचा पाय ह्याच साखरेनं गुडघ्यापासून गेला होता.

नगरच्या डॉक्टरीणबाईंकडं मीच त्याच्याबरोबर गेलो. सोबत म्हणून. बाकी काही कळलंच, तर कळलं. बाईंनी रक्त बघितलं, लघवी बघितली, अंगठा बघितला. म्हणाल्या, "किडनीवर ताण यायला लागलाय. आता नुसत्या जुन्या गोळ्यांवर भागायचं नाही. एक नवीन इंजेक्शन सुरू करू. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीत. ह्यानं साखर उतरेल, वजनही उतरेल. सुरुवातीला मळमळेल. भूक कमी होईल."

"भूक कमी व्हईल म्हंजी?"

"म्हणजे थोडक्यात पोट भरेल. हे औषध तुमच्या पोटाला नि मेंदूला सांगतं, की बाबा, आता पुरे."

"म्हंजी ते खोटं सांगनार?"

बाई हसल्या. "खोटं इतकी वर्षं तुमचं पोट सांगत होतं. हे खरं सांगेल. आणि आपल्या मनानं बंद करायचं नाही."

हे इंजेक्शन पेनासारखं असतं. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं गेलं. टोचायचं चांगुणानं. चांगुणा म्हणजे बन्सीची बायको. काटकुळी, कमी बोलणारी, भाकरी थापायला बसली तर पाच बायांना मागं टाकणारी. उकळत्या कढईत वाकून बघणारा बन्सी केसाएवढ्या सुईला भ्यायचा. दर बाजाराच्या वारी सकाळी शर्ट वर करून, मान भिंतीकडं वळवून, डोळे गच्च मिटून बसायचा. "झालं का?" "कवाच झालं." असा त्यांचा दर आठवड्याचा संवाद.

पहिले काही आठवडे फोडणीचा वास आला तरी तो गोठ्यात जाऊन बसायचा. मग ते थांबलं आणि औषधानं आपलं काम सुरू केलं. साखर उतरली. अंगठ्याची जखम कडेनं सुकत आली. पोट आत गेलं, आणि पायजम्याची नाडी दर महिन्याला थोडी जास्त लोंबायला लागली.

आता गावात माणूस जाड झाला तर कुणी विचारत नाही. बारीक झाला की चौकशी बसते. साळूबाई, जिच्या ओट्यावर गावाच्या बातम्या पाखडल्या जातात, तिचं म्हणणं करणी केलीय. दुसऱ्या एकाचं मत, पोरीच्या सासरी काहीतरी बिनसलंय. तिसरी वदंता अशी की बन्सीनं शेवगावात दुसरा घरोबा केलाय आणि तिथली बाई त्याला उपाशी ठेवते. हिचा उगम कुठला, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की ती बन्सीच्या कानावर गेली तेव्हा तो मनापासून लाजला.

अशात चैत्रातला सप्ता आला. काल्याच्या दिवशीची आमटी त्या वर्षी सूर्यभानच्या नावानं होती. सूर्यभान म्हणजे आमच्याकडचा बागायतदार, विहिरीला पाणी आणि मिशीला पीळ असलेला. त्यानं बन्सीला मापाच्या जेवणाला बोलावलं. मीही होतो. बन्सी बसला, भाकरी चुरली, आमटी घेतली. दुसरी भाकरी निम्मी झाली आणि त्यानं हात वर केला. "बास."

सूर्यभानची बायको विजयमाला पळी घेऊन उभीच राहिली. "भाऊजी, तब्बेत बरी न्हाई का?"

"झ्याक हाय की, वैनी. पोट भरलं."

"येवढ्यानं?"

"उन्हाळा लागलाय, वैनी. लोकबी येवढंच खातील. माझ्या पोटानं कधी दगा दिलाय का?"

नव्हता दिला, म्हणून कुणी पुढं बोललं नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल काय होणार ते. पण ज्याच्या पोटात घडतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. बन्सीनं डोळे मिटले, डाळ सांगितली, येसूर सांगितलं, आणि सूर्यभाननं तेवढंच आणलं.

काल्याचा दिवस. पहिली पंगत पोराबाळांची, दुसरी-तिसरी बाप्यांची. घरून ताटं-पराती आणलेल्या, भाकऱ्यांचा ढीग कंबरेएवढा. बादल्या घेऊन वाढपी पळत होते. आमटी झाली होती अशी, की वासानंच घाम यावा. लोक उन्हाळा-बिन्हाळा विसरून ओरपत होते. तिसऱ्या पंगतीत मी होतो. दोनदा मागून घेतली. आता वाटतं, एकदाच घ्यायला हवी होती. पण तेव्हा कुणाला ठाऊक?

शेवटची पंगत बायांची. सकाळपासून भाकऱ्या थापून, पाणी भरून, लेकरं सांभाळून त्या बसल्या. भाकऱ्या चुरल्या. आमच्याकडं भाकरी चुरून ठेवली की माणूस आमटीची वाट बघतो, दुसरं काही करूच शकत नाही. पहिल्या चार जणींना वाढली आणि बादली परत कढईकडं गेली. मग पळी तळाला घासल्याचा आवाज आला. तो आवाज मांडवात सगळ्यांनी ऐकला. भजन म्हणणारेसुद्धा थांबले.

कुणी म्हणालं, पाणी ओता. कुणी म्हणालं, तिखट आणा. बन्सी कढईत बघत उभा होता, विहिरीत काहीतरी पडल्यासारखा. मांडवभर बाया कोरडा चुरा समोर घेऊन बसलेल्या. मग एकेक जण उठली. कुणी मीठ लावून दोन घास खाल्ले, कुणी परात पदराखाली झाकून घरी नेली. त्या पंगतीत चांगुणाही होती. ती उठली नाही. सगळ्या गेल्यावर तिनं आपला चुरा पाण्यात कालवला आणि तिथंच बसून खाल्ला.

सूर्यभान मिशीतल्या मिशीत थरथरत आला. "बन्सी, तू माझं नाक कापलंस."

 आधी बन्सीला वाटलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं जास्त आली. मग वाटलं, डाळच वाईट निघाली. घरी गेल्यावर चांगुणानं ताट वाढलं, त्यानं दीड भाकरी खाल्ली, हात वर केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. तेव्हा उजेड पडला.

त्यानंतर जे झालं ते आमच्या गावाला शोभेसंच झालं. वैशाखातल्या लग्नांच्या सुपाऱ्या एकेक करून फिरल्या. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. "पावण्यांनीच आचारी आनलाय, बन्सीभाऊ," असं सांगून जायचे. पारावर मात्र बन्सी आला की कुणीतरी हटकून विचारायचं, "चहा कुनाला कमी पडंल का रं?" हसायचे. मीही हसायचो, विनोद बरा होता. बन्सी मात्र पारावर यायचा थांबला, तेव्हा तो तितकासा बरा वाटेना.

एकच सुपारी उरली, देवळाली प्रवरेची. बन्सीची लेक निकिता तिथं दिली आहे. तिचे सासरे श्रीमंतराव, उसावरचे तालेवार, त्यांनी नवीन घर बांधलं होतं. वास्तुशांतीला सगळा भाऊबंद, सगळी आळी जेवायची. आणि आमटी व्याह्यांच्या हातची, असं त्यांनी चारचौघांत आधीच सांगून ठेवलं होतं. बातमी तिकडंही पोचलीच. निकिताचा फोन आला. चांगुणानं तो स्पीकरवर टाकला आणि मी नेमका तिथं होतो.

"आण्णा, मामंजी विचारतायत, दुसरा आचारी बघू का म्हणून."

"तू काय म्हनलीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, विचारून सांगते." मग म्हणाली, "आण्णा, तुम्ही म्हणाल तसं. पण कमी पडलं तर मला इथं आयुष्य काढायचंय."

"सांग त्यांना," बन्सी म्हणाला, "मीच येनार."

पुढच्या बाजाराच्या वारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. चांगुणानं फ्रिजमधून पेन आणलं.

"शर्ट वर करा."

"आज नको."

"आज बाजार हाय. आजच असती."

"आज न्हाई, आन फुडंबी न्हाई. मला माझी भूक परत पायजे, चांगुणे. देवळाली तोंडावर आलीय. थोडे आठवडे सुई न्हाई घेतली की भूक येती म्हनं."

"कोन म्हनं?"

"मीच म्हनं."

"आन अंगठा?"

"भरत आलाय की."

"कशानं भरत आलाय? उदबत्तीनं?" चांगुणाचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुमच्या बापाच्या पायाची पट्टी कोन बदलत हुतं? तुमी कढईवर हुता. मी बदलत हुते. त्यो वास तुमी घेतला न्हाई, मी घेतला. मला दुसऱ्यांदा घ्यायचा न्हाई."

बन्सी खाली बघत बसला. मी चहा संपला असूनही कप तोंडाला लावून ठेवला. अशा वेळी उठून जाणं बरं दिसत नाही.

"पोरीचं नाक जाईल, चांगुणे."

"पोरीला पाय असलेला बाप लागतो."

"आन माप कशानं घिऊ? सामान दुप्पट आनून नासाडी करू का? आंदाजानं केलं तर मी आन ते बाकीचे आचारी एकच की. भूक काय उसनी आनायची असती? कुनाची आनू, नानांची?"

चांगुणानं माझ्या तोंडाकडं, म्हणजे तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांकडं बघितलं, आणि एवढ्या भांडणात तिला हसू आलं. मग ती म्हणाली, "माझी घ्या."

"तुझी?" ती टेम्पो चालवते म्हणाली असती तर त्याला इतकं नवल वाटलं नसतं. "तुला कुठं भूक लागती?"

"लागती," चांगुणा म्हणाली. पेन तिच्या हातातच होतं. "सप्त्याला लागली हुती. परात घिऊन बसलेल्या समद्या बायांना लागली हुती. आमी तुमच्या मापात कवा हुतो? तुमचं पोट मोठं हुतं म्हनून त्यात आमी मावत हुतो. बारीक झालं, तर पहिल्यांदा आमीच बाहेर पडलो."

इतकं लांब वाक्य बोलायची तिला सवय नव्हती. दम लागला.  बन्सीनं शर्ट वर केला. त्या दिवशी मान भिंतीकडं वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहजच तिकडं गेलो. सहज म्हणजे आमटीचा वास आमच्या दारापर्यंत आल्यावर. बन्सी घरच्या चुलीवर आमटी करत होता आणि तव्यावर वेड्यावाकड्या भाकऱ्या टाकत होता. एकीचा तर हुबेहूब राहुरी तालुक्याचा नकाशा झाला होता. चांगुणा पाटावर बसलेली. नवरा चुलीपाशी आणि बायको पाटावर, हे दृश्य बघून ती स्वतःच अवघडली होती.

एक भाकरी तिनं खाल्ली आणि म्हणाली, "झालं."

बन्सीनं डोळे मिटले, मनात काही बेरीज केली आणि एकदम ओरडला, "काय झालं? येवढ्यावर देवळाली उपाशी उठंल! खरं सांग, पोट भरलं?"

"भरलं."

"चांगुणे, खोटं बोलू नको. हजार मान्सं जेवायचीत तुझ्या जिवावर."

"मग असं टक लावून बघू नका!" ती म्हणाली. "दोन बापे डोळं फाडून समोर बसल्यावर कुनाला घास उतरंल?"

मग आम्ही दोघं तिच्याकडं पाठ करून बसलो. म्हातारपणी काय काय करावं लागतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत आम्ही ऐकत होतो. भाकरी चुरल्याचा आवाज. भुरका. मग हळूच, "वाढा." बन्सी न बघता मागं हात करून वाढायचा. पुन्हा, "वाढा." पुन्हा थोडं थांबून, जरा मोठ्यानं, "आमटी." मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बन्सीकडं बघितलं. आधी तो गालात हसत होता. मग हसणं थांबलं. चौथ्यांदा "वाढा" आलं तेव्हा तो पळी धरून नुसताच बसून राहिला.

"चांगुणे," कॅलेंडरकडंच बघत तो म्हणाला, "रोज येवढी भूक असती तुला?"

"रोज."

"मग रोज काय करतीस?"

"उरंल तेवढं खाती."

त्यानं तव्यावर भाकरी टाकली. ती करपली. दुसरी टाकली.

देवळालीला मापाच्या जेवणाला दोघं एसटीनं गेले. तिथलं मला निकितानं सांगितलं, त्यामुळं ते खरंच आहे. माझ्या पदरचं फार नाही. श्रीमंतरावांनी बन्सीसाठी पाट मांडला होता. बन्सी म्हणाला, "मला नको. हिला मांडा." बैठकीत हशा झाला. श्रीमंतराव म्हणाले, "व्याही, आचारी तुम्ही का विहीणबाई?"

"आचारी मीच. माप तिचं."

तोपर्यंत चांगुणानं कुणाला न विचारता सकाळभर लेकीबरोबर नवीन घराच्या फरशा घासल्या होत्या. निकिता म्हणत होती, "आई, तू पाहुणी आहेस." तर ही म्हणाली, "वास्तूला ज्या बाया राबतील, त्यांची भूक मला कशी कळंल मग?" पुरुषांच्या बैठकीसमोर पाटावर बसली. पदर सावरला. निकितानं गरम भाकरी आणली. श्रीमंतरावांनी थट्टेनं म्हटलं, "लाजू नका हो विहीणबाई," आणि विहीणबाई लाजल्या नाहीत. दुसऱ्या भाकरीला हशा थांबला. तिसरीला श्रीमंतरावांच्या बायकोनं स्वतः पळी हातात घेतली. हात धुऊन चांगुणानं पोटावर हात ठेवून बन्सीला दाखवलं, किती भरलं ते. बन्सीनं डोळे मिटले आणि सामान सांगितलं. श्रीमंतराव म्हणाले, "जास्त होतंय." बन्सी म्हणाला, "कमी करायचं असंल तर दुसरा आचारी बघा." लेकीच्या सासऱ्याला असं बोलायला पोटात बळ लागतं. कुठून आणलं, कोण जाणे.

वास्तुशांतीला मी गेलो होतो. शेवटी बायांची पंगत बसली. बन्सी वाढप्यांवर विसंबला नाही. बादली स्वतः घेतली. एकदा वाढून गेला. दुसऱ्यांदा फिरला तेव्हा बायांनी सवयीनं ताटावर हात आडवे धरले. "न्हाई न्हाई, झालं." बन्सी प्रत्येकीपाशी थांबायचा. "ताई, खरं झालं का?" त्याच्या तोंडाकडं बघून एकेक हात बाजूला व्हायचा. पंगत उठली तेव्हा कढईत थोडी आमटी होती. निकिता मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती तिथंच खाली बसली आणि तिनं एक भाकरी चुरायला घेतली.

आता नगरच्या बाई खूश आहेत. अंगठा भरला. लघवीच्या तपासणीचा आकडा पुढं गेलेला नाही. इंजेक्शन चालू आहे. बन्सी दीड भाकरीवर उठतो, आणि उठून बायकोला वाढतो. पारावर कुणी हसलं तर म्हणतो, "तुजी बायकू किती खाती, सांग बरं?" आणि हसणारा गप्प होतो, कारण सांगता येत नाही.

परवा आषाढात सूर्यभान आला. आईचं वर्षश्राद्ध होतं. नाक कापल्यापासून पहिल्यांदाच बन्सीच्या ओट्यावर चढला, म्हणून मीही मागोमाग गेलो. इकडच्या तिकडच्या पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग खाकरून म्हणाला, "मग बन्सी, जेवायला कधी येतोस?"

"मला काय इचारतोस? तिला इचार."

सूर्यभाननं जन्मात परक्या बाईला असं काही विचारलं नव्हतं. दाराकडं तोंड करून, पण भिंतीशी बोलल्यासारखा तो म्हणाला, "वैनी, उद्या जमंल का?"

"उद्या माझा उपास हाय," आतून आवाज आला. "परवा येती. भाकरी तव्यावरची पायजे. आन विजयमालाबाईंनी माझ्याबरोबर जेवायला बसायचं. दोघींचं माप चांगलं निघंल. त्यांना चालंल का?"

सूर्यभाननं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. विजयमाला कधी जेवते, किती जेवते, हे तो आठवत असावा.  मग पायरी उतरता उतरता म्हणाला, "तिला विचारून सांगतो."